लव्हाळ्याचे घोडे आणि लाटेचा सातबारा

समुद्राच्या लाटेवर फळी टाकायची, तिच्यावर उभे राहायचे आणि लाटेबरोबर किनाऱ्याला यायचे, या खेळाला सर्फिंग म्हणतात. हा खेळ हवाई बेटांचा, असे जग मानते. परंतु दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या उत्तर किनाऱ्यावर वांचाको नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. लाटेवर स्वार होण्याचा पहिला मान आपल्या पूर्वजांचा, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. पेरूला जाणारा प्रवासी बहुधा दक्षिणेकडचे माचू पिच्चू पाहून परततो. हा किनारा मागेच राहतो.

मग शेतीच्या पानावर या गावाचे काय काम? काम आहे. या गावाचा सारा अभिमान एका पिकावर उभा आहे आणि त्या पिकाची जमीन समुद्र खात चालला आहे.

गवताचा घोडा

वांचाकोच्या होडीला ‘काबायितो’ म्हणतात. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ लहान घोडा. ही होडी लाकडाची नसते, तर ‘तोतोरा’ या पाणवनस्पतीची असते. तोतोरा म्हणजे आपल्या लव्हाळ्याच्या कुळातली, पण पुरुषभर उंचीच्या वर जाणारी वनस्पती. तिच्या वाळलेल्या काड्यांच्या दोन मोठ्या आणि दोन लहान मोळ्या दोरीने करकचून आवळतात. लांबी चार मीटरच्या आसपास, टोक वर वळलेले. मागे जाळे आणि मासळी ठेवायला खोलगट जागा. मच्छीमार तिच्यावर बसून किंवा गुडघे टेकून चिरलेल्या बांबूने वल्हवत जातो आणि परतताना लाटेवर स्वार होऊन थेट वाळूवर येतो.

हे जुने किती? इसवी सन १०० ते ८०० च्या सुमारास याच भागात नांदलेल्या मोचे लोकांच्या मातीच्या भांड्यांवर अशा होड्या आढळतात. होसे दे अकोस्ता या स्पॅनिश धर्मगुरूने १५९० साली छापलेल्या ग्रंथात पेरूच्या किनाऱ्यावरील गवती होड्यांचे वर्णन केले आहे. आता न्यायाने बोलायचे, तर फळीवर उभे राहण्याची कला हवाई आणि आसपासच्या बेटांचीच, असे बहुतेक जाणकार मानतात. पण पोटासाठी लाटेवर स्वार होण्याचा वांचाकोचा वारसा कोणी नाकारत नाही. १९६५ साली सर्फिंगचा जागतिक विजेता झालेला पेरूचा फेलिपे पोमार याने हा दावा जगापुढे नेटाने मांडला. २०१३ मध्ये वांचाकोचा समावेश ‘जागतिक सर्फिंग राखीव क्षेत्रा’त झाला.

होडीच्या आधी शेत

काबायितो कितीही उन्हात उभा करून वाळवला, तरी हळूहळू पाणी पितो, जड होतो आणि थोड्याच महिन्यांत निकामी होतो. मग नवा बांधायचा. म्हणजे मच्छीमाराला कापणीला आलेला तोतोरा कायम हाताशी हवा. म्हणूनच वांचाकोचा मच्छीमार हा शेतकरीही आहे.

हा किनारा वाळवंटी. आपल्यासारखा पावसाळा तिथे नाही. पण समुद्राजवळ भूजल वर असते. तेव्हा वाळूत पाणी लागेपर्यंत उथळ खड्डे खणायचे आणि त्यांत तोतोऱ्याचे ठोंब लावायचे. वाढ झाली की कापणी, मग उन्हात वाळवण, मग बांधणी. उरलेल्या ठोंबांना पुन्हा फुटवा येतो. खड्डा खणून भूजलावर पीक घेण्याची ही पद्धत स्पॅनिश लोक येण्याआधीची आहे. जवळच चान चान या चिमू राज्याच्या मातीच्या राजधानीचे अवशेष आहेत. ते १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पण चान चानच्या भिंती ओसाड आहेत आणि तोतोऱ्याचे खड्डे अजून पिकतात.

वाळू अडली, गाव खचले

या किनाऱ्यावर लाटांच्या ओढीने वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. दक्षिणेला सालाव्हेरी हे बंदर आहे. बंदर वाळूने भरू नये म्हणून १९८० च्या दशकात तिथे समुद्रात लांब बांध घातला गेला. वाळू बांधाशी अडली. उत्तरेच्या गावांना मिळणारी वाळू तुटली आणि समुद्र आत येऊ लागला. वांचाकोची पुळण अरुंद झाली आणि तोतोऱ्याच्या खड्ड्यांनाही धूप भिडली. वारशाच्या पाट्या लागल्या म्हणून धूप थांबत नाही.

लाटेची नोंद

पेरूने मात्र एक गोष्ट करून दाखवली आहे. २००० साली तिथे सर्फिंगच्या लाटांच्या रक्षणाचा कायदा झाला. २०१३ मध्ये त्याचे नियम आले. या कायद्याने लाटेची नोंद सरकारी दफ्तरात होते. थोडक्यात, लाटेचा सातबाराच म्हणा ना! जागा कोणती, समुद्रतळ कसा, लाट कुठून कुठवर जाते, याचा तांत्रिक अहवाल द्यावा लागतो. नोंद झाली की लाट बिघडवणारे बांधकाम तिथे करता येत नाही. याच प्रांतातील चिकामाची लांबलचक लाट २०१६ मध्ये अशी नोंदली गेली. ती या दफ्तरातली पहिली लाट.

आपण काय घ्यावे?

किनाऱ्याजवळच्या गावांनी यातून दोन गोष्टी जरूर घ्याव्यात. पहिली, जेटी, धक्का किंवा बंधारा येणार म्हटले, की ग्रामसभेत एक प्रश्न विचारावा : आपल्या किनाऱ्याची वाळू कोणत्या महिन्यात कोणत्या दिशेला सरकते आणि ती अडली तर कोणाच्या बागेला धूप लागेल? म्हाताऱ्या कोळ्यांना हे ठाऊक असते. त्यांचे म्हणणे ठरावात लिहून घ्यावे.

दुसरी, गावाला ज्याचा अभिमान आहे, त्याच्या मुळाशी कोणती जमीन, कोणते गवत, कोणते झाड आहे, ते शोधून त्याची नोंद करावी. वांचाकोचा घोडा लाटेवर नाचतो खरा, पण त्याचा तबेला वाळूतल्या खड्ड्यात आहे. तो खड्डा समुद्रात गेला, तर पुढच्या पिढीला घोडा फक्त भांड्यावरच्या चित्रात दिसेल.