आकाश : पस्तीस डॉलरच्या पाटीची वाटचाल

‘आकाश’ ही भारत सरकारने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी करवून घेतलेली स्वस्त टॅबची मालिका. तिची पहिली आवृत्ती राजस्थानच्या आयआयटीकडे होती. दुसरी, सुधारलेली आवृत्ती घडली ती पवईला, आयआयटी मुंबईत. महाराष्ट्राच्या दृष्टीने खरा अभ्यासाचा विषय ही दुसरी आवृत्ती आहे. पण ती समजायची तर तिच्या आधीचे प्रयत्न पाहावे लागतात, कारण आकाशने त्यांतल्या काही चुका सुधारल्या आणि काही जशाच्या तशा पुन्हा केल्या.

हातात धरता येईल असा, मुलांना शिकण्यासाठी संगणक हवा, ही कल्पना अमेरिकन संशोधक अ‍ॅलन के यांनी १९७२ मध्ये ‘डायनाबुक’ या नावाने मांडली. ते यंत्र कागदावरच राहिले. भारतात या कल्पनेला पहिले मूर्त रूप आले ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांच्या ‘सिम्प्युटर’मुळे. तळहातावर मावणारे, लिनक्सवर चालणारे आणि भारतीय भाषांत बोलून दाखवणारे हे यंत्र होते. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ते वापरता यावे, हा त्यामागचा आग्रह. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीच्या सहकार्याने त्याचे ‘अमिडा’ हे रूप बाजारात आले. किंमत मात्र सुमारे १० हजार रुपयांपासून पुढे होती. तोवर मोबाइल फोन स्वस्त होऊ लागले होते आणि सिम्प्युटर काही हजारांपलीकडे खपला नाही.

दुसरा प्रयत्न परदेशातून आला. एमआयटीचे निकोलस निग्रोपॉन्टी यांनी २००५ मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही योजना मांडली. लॅपटॉपची किंमत १०० डॉलर ठरवली होती. भारत सरकारने २००६ मध्ये ती योजना नाकारली. पण २००७ मध्ये तिचा एक छोटा प्रयोग महाराष्ट्रातच झाला, रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातील खैराट या वाडीत. तिथल्या एकशिक्षकी शाळेत वीस-बावीस मुलांना हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले. मुले ते घरी नेत. प्रयोग लहान होता, त्याचा निष्कर्ष ताणू नये. तरी एक गोष्ट त्यातून दिसली होती : मुले यंत्राला बुजत नाहीत, अडते ते विजेवर आणि दुरुस्तीवर.

सरकारने परदेशी योजना नाकारली तेव्हाच आपले स्वतःचे, त्याहून स्वस्त यंत्र करण्याचा विचार सुरू झाला होता. माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानाचा आरंभ ३ फेब्रुवारी २००९ रोजी तिरुपतीला झाला. त्या वेळी ‘१० डॉलरचा लॅपटॉप’ म्हणून मोठा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात दाखवली गेली ती माहिती साठवण्याची एक पेटी. तिला पडदाही नव्हता. अभियानाचे बाकीचे उद्दिष्ट, म्हणजे विद्यापीठांना १ गिगाबिटची जोडणी, महाविद्यालयांना ब्रॉडबँड आणि विषयवार पाठ्यसामग्री, हे या पेटीपेक्षा कितीतरी मोलाचे होते. वर्तमानपत्रांनी लक्ष दिले ते किमतीकडे. आकाशच्या सगळ्या इतिहासावर किमतीची ही सावली शेवटपर्यंत राहिली.

२२ जुलै २०१० रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी ३५ डॉलरच्या, म्हणजे सुमारे दीड हजार रुपयांच्या, टॅबचा नमुना दाखवला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अ‍ॅपलचा आयपॅड अमेरिकेत विक्रीला आला होता, आणि टॅब म्हणजे काय हे जगाला नव्याने कळत होते. आयपॅडची अमेरिकेतली किंमत ४९९ डॉलरपासून सुरू होत होती. त्याच्या चौदाव्या हिश्श्यात टॅब देण्याचे वचन कोणालाही भुरळ घालणारे होते.

याच सुमारास टॅब ग्रामीण भारतात वेगळ्याच वाटेने शिरला. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेसाठी भारत इलेक्ट्रॉनिक्सने सुमारे ६ लाख ४० हजार टॅब तयार केले. प्रगणकाबरोबर टॅब चालवणारा माणूस घरोघर फिरला आणि कागदाऐवजी टॅबवर नोंदी झाल्या. अकोले तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांपासून जामखेडच्या वस्त्यांपर्यंत नगर जिल्ह्यातील अनेक घरांनी टॅब पहिल्यांदा पाहिला असेल तो या गणनेत. पुढे २०१६ मध्ये ग्रामीण भागासाठी पंतप्रधान आवास योजना आली, तेव्हा घरकुलाची यादी याच गणनेवरून लागली. नाव यादीत का नाही, ही ग्रामसभेत विचारली जाणारी तक्रार पुष्कळदा त्या टॅबवरच्या नोंदीपर्यंत जाऊन पोहोचे. सिम्प्युटर बनवणारी कंपनीच इथे पुन्हा भेटते, आणि साधे, एकाच कामासाठी केलेले यंत्र देशभर चालू शकते हेही दिसते.

शैक्षणिक टॅबची निविदा आयआयटी राजस्थानने काढली. ती मिळाली डेटाविंड या कॅनडास्थित कंपनीला. सुनीत आणि राजा तुली हे शीख बंधू तिचे चालक. मंद जोडणीवरही वेबपाने लवकर दिसावीत म्हणून ती आधी आपल्या सर्व्हरवर आटवून मग ग्राहकाकडे पाठवायची, हे या कंपनीचे खास तंत्र. ५ ऑक्टोबर २०११ रोजी पहिला आकाश आला. सरकारला त्याचा एक नग सुमारे २,२७६ रुपयांना पडणार होता आणि १ लाख नगांची मागणी होती. जुळणी हैदराबादेत झाली.

या टॅबला ७ इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, २ जीबी साठवण, अँड्रॉइड २.२ आणि २,१०० एमएएच बॅटरी होती. आकडे वाचून बोध होणार नाही. वापरून पाहिल्यावर होई. पडदा रेझिस्टिव्ह, म्हणजे दोन पातळ थरांचा होता. वरचा थर दाबून खालच्याला टेकला की स्पर्श नोंदला जाई. त्यामुळे बोट नुसते फिरवून भागत नसे, नखाने दाबावे लागे. आयपॅडचा पडदा कपॅसिटिव्ह होता. त्याला बोटातली सूक्ष्म विद्युतभारक्षमता पुरते. बॅटरी अडीच-तीन तासांत संपे. २०११-१२ मध्ये ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन रोजचे होते, आणि नगर जिल्हा त्याला अपवाद नव्हता. अशा ठिकाणी तीन तासांची बॅटरी म्हणजे अर्धे यंत्र.

दोन उणिवा याहून मोठ्या होत्या, पण त्यांची चर्चा कमी झाली. पहिली जोडणीची. सरकारी आकाशला फक्त वाय-फाय होते, सिमकार्ड चालत नसे. म्हणजे महाविद्यालयाच्या आवारात वाय-फाय असेल तरच इंटरनेट; घरी, वसतिगृहात, एसटीत ते कोरे. दुसरी उणीव भाषेची. अँड्रॉइड २.२ मध्ये देवनागरी फॉन्टच नव्हता. मराठी पान उघडले तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत. अँड्रॉइड ४.० पासून देवनागरी फॉन्ट मुळातच मिळू लागला आणि जोडाक्षरे हळूहळू नीट उमटू लागली. ज्या देशात बहुसंख्य मुले मातृभाषेत शिकतात तिथे विद्यार्थ्यांचा टॅब मातृभाषा दाखवू शकत नव्हता, हा पहिल्या आकाशचा सर्वांत गंभीर दोष मानला पाहिजे.

लोकांची ओढ मात्र विलक्षण होती. डिसेंबर २०११ मध्ये कंपनीने याच टॅबच्या ‘युबिस्लेट’ या बाजारी रूपाची नोंदणी सुरू केली, तेव्हा दोन आठवड्यांत १४ लाख मागण्या आल्याचे तिने जाहीर केले. पुरवठा त्याच्या जवळपासही नव्हता. इकडे आयआयटी राजस्थान आणि डेटाविंड यांच्यात चाचण्यांवरून वाद पेटला. टॅब पाऊस, उष्णता आणि पडझड सोसणारा हवा, असे संस्थेचे म्हणणे. सैनिकी दर्जाचे हे निकष या किमतीत शक्य नाहीत आणि ते मागाहून घातले, असे कंपनीचे. भारतीय विद्यार्थ्याच्या दप्तरातल्या वस्तूने पाऊस आणि धूळ सोसलीच पाहिजे, यात संस्थेचे चुकले असे म्हणता येत नाही. पण हे निकष निविदेच्या आधी पक्के व्हायला हवे होते. पुढे महालेखापरीक्षकांनीही या टप्प्यातील कारभारावर ठपका ठेवला.

२०१२ च्या आरंभी प्रकल्प आयआयटी मुंबईकडे आला. संगणकशास्त्राचे प्राध्यापक दीपक फाटक आणि रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य ही त्यातली ठळक नावे. फाटक यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. दूरस्थ केंद्रांच्या जाळ्यातून एकाच वेळी हजारो अध्यापकांना शिकवण्याचा त्यांचा उपक्रम आधीपासून चालू होता. मौद्गल्य यांच्याकडे ‘स्पोकन ट्युटोरियल’ होते : पडद्यावर कृती आणि तिच्यावर सावकाश निवेदन, असे दहा-बारा मिनिटांचे पाठ, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. टॅब पवईला आला तेव्हा त्यावर काय शिकवायचे आणि कोणी शिकवायचे, या दोन्ही प्रश्नांवर तिथे काम झालेले होते. राजस्थानच्या टप्प्यात नेमके हेच नव्हते.

आकाश-२ चे अनावरण ११ नोव्हेंबर २०१२ रोजी, राष्ट्रीय शिक्षण दिनी, राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झाले. पडदा ७ इंचीच, पण कपॅसिटिव्ह. प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा, रॅम दुप्पट म्हणजे ५१२ एमबी, साठवण ४ जीबी, बॅटरी ३,००० एमएएच, पुढे कॅमेरा, आणि अँड्रॉइड ४.०. खरेदी किंमत २,२६३ रुपये. अनुदान जाता विद्यार्थ्याला तो ११३० रुपयांना देण्याचे ठरले. वर्षभरात तेवढ्याच पैशांत दुप्पट-तिप्पट यंत्र मिळाले. याचे श्रेय कोणा एकाला देता येत नाही. चीनमध्ये तयार होणाऱ्या एका चिपवर पूर्ण टॅब उभा करण्याचे तंत्र त्या वर्षात कमालीचे स्वस्त झाले होते. पहिल्या काही हजार नगांचे सुटे भाग आणि मदरबोर्ड चीनमधून आल्याचे त्याच महिन्यात उघड झाले आणि ‘भारतीय’ टॅबवर टीका झाली. २८ नोव्हेंबर रोजी संयुक्त राष्ट्रसंघात सरचिटणीस बान की-मून यांच्या उपस्थितीत हाच टॅब मिरवला गेला, तेव्हा टीका तीव्र होती. ती काही अंशी रास्त, काही अंशी अज्ञानातून आलेली. त्या किमतीत सर्व सुटे भाग भारतात बनवणारा उद्योग तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

पवईचे खरे काम टॅबच्या पोटात होते. सी, सी++, पायथॉन आणि सायलॅब यांतले प्रोग्रॅम टॅबवरच लिहून चालवता येतील अशी सोय तिथे केली गेली. वर्गातल्या मुलांनी प्रश्नाचे उत्तर टॅबवरून द्यावे आणि अध्यापकाला ते तत्काळ कळावे, असे ‘क्लिकर’ अ‍ॅप झाले. देशभरातून उन्हाळी प्रशिक्षणाला आलेल्या विद्यार्थ्यांनी यातली बरीच अ‍ॅप्स लिहिली. आकाश मुख्यतः अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी होता, हे इथे ध्यानात येते. नगर जिल्ह्याचे उदाहरण घेतले तर संगमनेरचे अमृतवाहिनी, लोणीचे प्रवरा आणि कोपरगावचे संजीवनी ही तिन्ही अभियांत्रिकी महाविद्यालये १९८३ ची, सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात वाढलेली. शेतकऱ्यांची मुले जिथे अभियंता होतात अशा ठिकाणी ११३० रुपयांत प्रोग्रॅमिंग शिकण्याचे यंत्र मिळणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. लॅपटॉपला तेव्हा पंचवीस-तीस हजार मोजावे लागत.

पुरवठा मात्र रेंगाळला. ३१ मार्च २०१३ ची मुदत उलटली आणि १ लाख नग पूर्ण व्हायला आणखी काही आठवडे लागले. मंत्रालयात सिब्बल यांच्या जागी पल्लम राजू आले होते. यंत्रापेक्षा त्यावरच्या सामग्रीकडे पाहा, असा त्यांचा सूर होता. तो बरोबर होता, पण त्यामुळे पुढच्या खरेदीची घाई कोणाला उरली नाही. पुढच्या टॅबचे, म्हणजे आकाश-४ चे, निकष २०१३ मध्ये जाहीर झाले. सिमकार्डची सोय त्यात होती. पहिल्या आकाशची जोडणीची उणीव अखेर कागदावर दूर झाली. निविदाही मागवल्या गेल्या. मे २०१४ मध्ये केंद्रात सरकार बदलले आणि तो टॅब विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचलाच नाही. आयआयटी मुंबईने माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार ठरलेले १ लाख टॅब घेऊन ३१ मार्च २०१५ रोजी प्रकल्प बंद झाला.

टॅब त्यानंतरही महाराष्ट्रात येत राहिले. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या सुमारे २२ हजार विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम भरलेले टॅब दिले. नागपूरच्या ‘महाज्योती’ या सरकारी संस्थेने इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त समाजांतील विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि सीईटीच्या तयारीसाठी टॅब दिले, ते रोजच्या ६ जीबी डेटासह. पहिल्या आकाशला जे सुचले नव्हते ते इथे आधी ठरवले गेले : आधी अभ्यास, मग जोडणी, आणि शेवटी यंत्र.

पहिल्या आकाशला मराठीचे एक अक्षर दाखवता येत नव्हते. तिरुपतीला सुरू झालेल्या त्या शिक्षण अभियानाच्या पैशातून पवईत झालेले स्पोकन ट्युटोरियलचे मराठी पाठ आज कोणत्याही साध्या स्मार्टफोनवर फुकट ऐकता येतात. पायथॉनपासून लिनक्सपर्यंतचे विषय त्यात आहेत. घरात अकरावी-बारावीतले किंवा अभियांत्रिकीचे मूल असेल, तर नवा टॅब घेण्याआधी ते पाठ एकदा उघडून पाहावेत.