सामान गाडीत चढवण्यापूर्वी कागद वाचा



बियाण्याची पिशवी फोडण्यापूर्वी तिच्यावरचे लेबल वाचा, पक्की पावती घ्या, पीक हाती येईपर्यंत पिशवी आणि पावती जपून ठेवा, असे मी गावोगावच्या सभांत वर्षानुवर्षे सांगत आलो. पण 2014 साली माझी बदली धुळ्याहून सोलापूरला झाली, तेव्हा घरसामान नेणाऱ्या कंपनीच्या कागदावर मी स्वतःच न वाचता सही केली.

फोनवर 14,000 रुपये ठरले होते. गाडी रात्री सोलापुरात पोचली, तेव्हा दुसऱ्या मजल्याचे 2,500 रुपये वेगळे मागितले गेले. ते मिळाल्याशिवाय दोर सुटणार नाही, असे चालक म्हणाला. पैसे दिले, त्याने पुढे केलेल्या कागदावर सहीही केली. सकाळी पाहतो तर लोखंडी कपाटाचे दार वाकलेले आणि आईचा तांब्याचा हंडा ज्या पोत्यात बांधला होता, ते पोतेच नाही! कंपनीत गेलो. कारकुनाने माझाच कागद माझ्यापुढे धरला. सामानाच्या रकान्यात 'घरसामान, एक लॉट' एवढेच होते. किमतीचा रकाना कोरा होता. आणि माझ्या सहीच्या वर छापलेले होते : 'माल सुस्थितीत मिळाला.' हंडा आजीच्या लग्नातला होता. तो परत मिळाला नाही.

आज आपल्या घरोघरची मुले नोकरीसाठी पुण्याला, नागपूरला, बंगळुरूला बिऱ्हाड करतात. सामान नेणाऱ्या कंपनीच्या कागदावर काही ठराविक शब्द असतात. त्यांचा अर्थ समजून घेतला तर माझ्यासारखी वेळ येणार नाही.

बिल्टी आणि सामानाची यादी

कंपनी सामान ताब्यात घेताना जी पावती देते तिला बिल्टी म्हणतात. तिच्यावर 'कन्साइनर' म्हणजे पाठवणारा आणि 'कन्साइनी' म्हणजे माल घेणारा, अशी दोन नावे असतात. बिल्टीसोबत नगवार यादी हवीच. 'भांडी, 1 पोते' असे न लिहिता 'तांब्याचा हंडा 1, पितळी पातेली 4' असे लिहून घ्या. हे काम घरातल्या बाईमाणसाइतके चोख कोणी करीत नाही. प्रत्येक खोक्यावर क्रमांक घाला आणि तोच यादीत लिहा.

'सेड टू कंटेन' असे शब्द आढळले तर त्याचा अर्थ असा, की आत काय आहे ते तुम्ही सांगितले, कंपनीने पाहिलेले नाही. म्हणून मोलाच्या वस्तू त्यांच्या माणसासमोर बांधा.

दागिने, रोकड, सातबारा व खरेदीखतासारखे कागद गाडीत देऊ नका, स्वतःजवळ ठेवा. भरलेला गॅस सिलिंडर आणि कीटकनाशकाचे डबे घरसामानात मुळीच घालू नका.

जोखीम कोणाची?

'ओनर्स रिस्क' म्हणजे मालकाची जोखीम आणि 'कॅरियर्स रिस्क' म्हणजे वाहतूकदाराची जोखीम. पहिला शब्द वाचून पुष्कळ लोक हबकतात आणि आता काहीच मिळणार नाही असे समजून गप्प बसतात. तसे नाही. रस्त्याने मालवाहतुकीचा 2007 चा केंद्रीय कायदा 1 मार्च 2011 पासून अमलात आहे. माल हरवला किंवा मोडला, तर कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे हा कायदा तुमच्यावर टाकीत नाही. अशा कंपनीने या कायद्याखाली नोंदणी केलेली असावी लागते. तो नोंदणी क्रमांक आधीच विचारून घ्या.

किमतीचा रकाना कोरा ठेवू नका

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच. या कायद्याच्या नियमांप्रमाणे कंपनीची जबाबदारी भाड्याच्या 10 पटीपर्यंत असते. पण तुम्ही लिहून दिलेल्या किमतीपेक्षा ती जास्त होत नाही. दोन उदाहरणे घेऊ.

समजा, पूर्ण गाडीचे भाडे 16,000 रुपये आहे. 10 पट म्हणजे 1,60,000. पण भीडेपोटी तुम्ही सामानाची किंमत 50,000 च लिहिली, तर मर्यादा 50,000 ची झाली.

दुसरे, 24,000 रुपयांचा फ्रिज 900 रुपये भाड्याने एकटाच पाठवला. किंमत बरोबर लिहिली, तरी 10 पट म्हणजे 9,000 च. याहून जास्त जबाबदारी कंपनीने घ्यावी असे वाटत असेल, तर जादा जोखमीचा दर भरून तसे लेखी ठरवावे लागते.

विमा की 'एफओव्ही'?

कोटेशनमध्ये 'एफओव्ही' नावाची रक्कम दिसते. ती सामानाच्या किमतीवर काही टक्के लावलेली असते. लोक तिलाच विमा समजतात, पण ती विमा कंपनीची पॉलिसी असतेच असे नाही. 'ट्रान्झिट इन्शुरन्स' म्हणजे प्रवासातील विमा घेतला असेल, तर तुमच्या सामानाचा उल्लेख असलेला पॉलिसीचा कागद मागा. कागद नसेल, तर विमा नाही असेच धरून चाला.

भाड्यात काय धरले आहे?

'पेड' म्हणजे भाडे आधी दिलेले, 'टू पे' म्हणजे माल घेताना द्यायचे. 'फ्लोअर चार्ज' म्हणजे मजला चढवण्याचे पैसे. 'डेमरेज' किंवा 'स्टोअरेज' म्हणजे माल वेळेवर न सोडवल्यास पडून राहिल्याचे पैसे. 'पार्ट लोड' म्हणजे त्याच गाडीत दुसऱ्यांचेही सामान असणार. ते वाटेत दुसऱ्या गाडीत चढवले जाणार का, हे विचारा. हमाली, टोल, मजला आणि जीएसटी धरून एकूण रक्कम किती, ती कागदावर लिहून घ्या. फोनवरचा शब्द गाडीच्या मागे धावून उपयोगी पडत नाही.

सही सर्वांत शेवटी

सामान उतरले, मोजले, पाहिले, मगच सही. घाई केली तर सहीच्या वर आपल्या हाताने लिहा : 'कपाटाचे दार वाकले आहे, नग क्रमांक 14 मिळाला नाही.' चालकासमोर फोटो काढून ठेवा.

नुकसान झाले तर माल दिल्याच्या, म्हणजे बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत कंपनीला लेखी नोटीस पोचली पाहिजे. त्याशिवाय दावा लावता येत नाही. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि घरसामानाबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. 180 दिवसांची ही अट मला कळली तेव्हा आठ महिने उलटून गेले होते.

तेव्हा पुढच्या वेळी घरचे कोणी बिऱ्हाड हलवणार असेल, तर आदल्या रात्री चहा घेत सगळ्यांनी बसून यादी करा, किमती लिहा. पिशवीवरचे लेबल वाचता तसाच हा कागदही वाचा. जे कागदावर लिहिले तेवढेच मागता येते.