जिल्ह्याएवढी वस्ती, ७,४०० अक्षरांचा शत्रू

साकोली तालुक्यातल्या सानगडीसह अख्ख्या भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत १२ लाख ३३४ भरली. साधारण तेवढीच, दहा लाखांच्या आसपास, पेशींच्या पुंजक्यांची बेटं सानगडीच्या शाळेत जाणाऱ्या एकेका पोराच्या स्वादुपिंडात असतात. पॉल लँगरहॅन्स यांनी १८६९मध्ये ती पहिल्यांदा दाखवली. सगळी गोळा केली तरी स्वादुपिंडाच्या वजनाच्या एक-दोन टक्केच भरतात. त्यांतल्या बीटा पेशी इन्शुलिन बनवतात. एका पेशीत इन्शुलिनचे सुमारे १०,००० कण आणि प्रत्येक कणात दोनेक लाख रेणू, म्हणजे पेशीमागे २०० कोटी. तरी सिरिंजमधल्या एका युनिटात ३,६०० लाख कोटी रेणू असतात. तेवढ्यासाठी १८ लाख पेशींचं कोठार रिकामं करावं लागेल!

या कारखान्यात शिरणारा कॉक्सॅकी बी विषाणू पोलिओच्याच घराण्यातला. एका मिलिमीटरवर ३३ हजार विषाणू ओळीनं मावतात. त्याची जनुकीय लिपी सुमारे ७,४०० अक्षरांची. माणसाची ३०० कोटींची, म्हणजे चार लाख पटींनी मोठी. पण हा सगळ्या पेशी मारत सुटत नाही. कधी कधी तो स्वतःच्याच लिपीच्या सुरुवातीची दहा ते पन्नास अक्षरं गमावतो, सावकाश वाढतो आणि पेशीत मुक्काम ठोकतो. त्याचा, बीटा पेशी नष्ट होऊन होणाऱ्या टाईप १ मधुमेहाशी संबंध आहे असा दाट संशय आहे. तोच कारण आहे, हे अजून सिद्ध झालेलं नाही. नॉर्वेत नुकतंच निदान झालेल्या सहा प्रौढांच्या स्वादुपिंडाचे तुकडे तपासले, तर सहाही जणांच्या बेटांत एन्टेरोव्हायरसचं, म्हणजे पोलिओ-कॉक्सॅकीच्या घराण्यातल्या विषाणूचं, प्रथिन सापडलं. अमेरिका आणि युरोपातल्या ८,६७६ मुलांच्या ‘टेडी’ अभ्यासात, ज्यांच्या विष्ठेत एन्टेरोव्हायरस बी दीर्घकाळ दिसत राहिला त्यांच्यात बेटांवरचा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा हल्ला अधिक आढळला.

अशा विषाणूवर नवं औषध शोधायला दशकं आणि अब्जावधी रुपये लागतात. म्हणून संशोधकांनी जुनी कपाटं उघडली. प्लेकोनारिल हे सर्दीवरचं औषध. दोन हजारांवर रुग्णांच्या चाचण्यांत त्यानं सर्दी ७.३ऐवजी ६.३ दिवसांत बरी केली, म्हणजे फायदा फक्त एका दिवसाचा! २००२मध्ये अमेरिकेनं ते नाकारलं. पण या घराण्यातल्या विषाणूच्या कवचात एका प्रथिनाच्या ६० प्रती असतात, प्रत्येकीत एक खोबण, आणि हे औषध त्या खोबणीतच जाऊन बसतं. सोबतीला रिबाविरिन. ते विषाणूकडून नकला करताना चुका करवतं. पोलिओ विषाणूवरच्या प्रयोगात चुका ९.७ पट वाढल्या, तेव्हा एकाच फेरीत ९९.३ टक्के संसर्गक्षमता गेली.

ही जोडी नॉर्वे आणि डेन्मार्कमधल्या ६ ते १५ वर्षांच्या ९६ मुलांवर वापरून पाहिली. निदान होऊन तीन आठवडेच झालेले, औषध सहा महिने. वर्षभरानं स्वतःचं इन्शुलिन ठीक प्रमाणात बनवणारी मुलं औषधाच्या गटात ८६ टक्के होती, नकली गोळीच्या गटात ६७. निकाल २०२३मध्ये आला. माझ्या मते ही आशा आहे, उपचार नव्हे. ९६ हा आकडा फार लहान आहे. नैराश्यावरच्या फ्लुऑक्सेटिननं २०१५मध्ये प्रयोगशाळेतल्या स्वादुपिंडाच्या पेशींमधून कॉक्सॅकी बी विषाणू हाकलला, पण पुढे त्याला न जुमानणारे विषाणूही निघाले. तेव्हा घरात कुणाची ही गोळी असली, तरी पोराला देण्याचं कारण नाही.

भारतात वीस वर्षांखालच्या टाईप १ मधुमेहींची संख्या २०२१च्या अंदाजानुसार सुमारे २ लाख २९ हजार, जगात सर्वाधिक. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांचा ड्रीम ट्रस्ट गरीब घरातल्या अशा मुलांसाठी काम करतो. सहा महिन्यांची ही औषधं असोत की आजचं इन्शुलिन, वेळेवर निदान हवंच. मूल अचानक खूप पाणी पिऊ लागलं, रात्री अंथरूण ओलं करू लागलं, वाळू लागलं, तर ‘गरमीमुळे असेल’ म्हणू नका. त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन रक्तातली साखर तपासून घ्या.