बाणाआधी पोचणारा आवाज

लोणावळ्याजवळच्या औंढे गावाच्या पूर्वेला लोहगड-विसापूरची जोडगोळी उभी आहे, आणि त्या अंगाच्या डोंगरांत, कारवीच्या नि करवंदीच्या जाळ्यांमधून भेकर हे छोटं हरीण हिंडतं. पण चिक्कीचे पुडे घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परतणाऱ्या पाहुण्यांना त्याचा पत्ता नसतो, आणि खरं सांगायचं तर इथंच जन्म काढलेल्या माणसालाही ते दिसतं कमी, ऐकू येतं जास्त. तिन्हीसांजेला ओढ्याकडून एक घोगरं भुंकणं येतं, मग जरा थांबून दुसरं, आणि कधी कधी तर ते तासभर चालतं. म्हातारी माणसं हातातलं काम ठेवून ऐकतात आणि म्हणतात, बिबट्या निघाला बरं का. भेकर उगाच नाही ओरडत. बिबट्याची सगळी मदार लपून गाठण्यावर, तेव्हा ‘मी तुला पाहिलंय’ एवढं त्याला कळवलं की त्याचा निम्मा डाव तिथंच मोडतो.

आहे केवढं हो हे जनावर! खांद्याशी दोन फुटांच्या आतबाहेर उंची, वजन २०-२५ किलो, अंग तांबूस, पाय काडीसारखे. नराचं तोंड मात्र जवळून बघावं. कपाळापासून खाली उतरणारे दोन काळसर उंचवटे, त्यांच्याच वरच्या टोकांना केसाळ कातडीनं मढलेले हाडाचे दोन खुंट, त्या खुंटांवर बेताची शिंगं, आणि वरच्या ओठाखालून डोकावणारे दोन सुळे. पालापाचोळा नि उंबरं-आवळे खाणाऱ्याला सुळे कशाला, असं वाटेल. पण नर एकमेकांशी भांडतात ते याच सुळ्यांनी, आणि अंगावर आलेल्या कुत्र्यालाही त्यांचा प्रसाद मिळतो.

आता आलोच आहोत तर याच्या पोटातलं एक नवलही सांगून टाकतो. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, हे शाळेत शिकला असाल. चीनकडे या भेकराचा एक सख्खा भाऊ राहतो, त्याचीही ४६च. आपल्या भेकराच्या पेशी मात्र १९७० साली अमेरिकेतल्या डोरिस वुर्स्टर आणि कुर्ट बेनिर्श्के या दोघांनी तपासल्या, तर मादीत निघाली ६ आणि नरात ७! सगळ्या सस्तन प्राण्यांत इतकी कमी गुणसूत्रं दुसऱ्या कुणाची माहीत नाहीत. माल कुठं हरवलेला नाही. युगानुयुगं तुकड्याला तुकडा जोडत जाऊन थोडी पण लांबच लांब गुणसूत्रं झाली. अशी ही मोलाची चीज आपल्या मागच्या डोंगरात पाला खात उभी असते.

हरणामागे धनुष्य घेऊन माणूस फार जुन्या काळापासून धावतो आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात मृगया हा राजाचा विनोद म्हणून सविस्तर आला आहे. राजाचं ते मन रमवणं, पण आपल्या सह्याद्रीतल्या कातकऱ्यांच्या हाती तीरकामठा होता तो पोटासाठी. बांबूच्या कामठ्यानं भेकर मारायचं तर किती जवळ जावं लागत असेल याचा विचार करा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती शिकार बंद झाली, आणि झाली तेच बरं झालं. अमेरिकेत अजून परवाना काढून पांढऱ्या शेपटीचं हरीण मारता येतं, कारण तिथं ती हरणं कोटींच्या हिशेबात आहेत आणि त्यांना खाणारे लांडगे बहुतेक ठिकाणांहून माणसानंच कधीचे संपवले. तिथल्या सरकारी रानात कुणीही परवानाधारक जाऊ शकतो. शरद ऋतूत धनुष्यवाले येतात, मग बंदुकवाले, आणि सगळ्यांची दंगल होऊन गेली की बर्फाच्या दिवसांत पुन्हा थोडे चिवट धनुष्यवाले उरतात. तोवर जी हरणं जिवंत राहिली ती अशी शहाणी झालेली असतात, की झाडावर दबा धरून बसलेला माणूस हुडकायला मान वर करून बघतात; आणि सगळे शिकारी मैलभर आत चालत जात असताना एखादं हरीण मोटारी लावायच्या जागेशेजारच्या झुडपात दिवसभर निवांत बसून असतं, असं तिथले जुने धनुर्धारी सांगतात.

पण खरी गंमत बाण सुटल्यावरची आहे. आजच्या कप्प्यांच्या धनुष्यातून बाण सेकंदाला ८५ ते ९० मीटर जातो. आवाज जातो ३४० मीटर. हरीण ३० मीटरवर उभं असेल तर दोरीचा ‘टण्’ त्याच्या कानी सेकंदाच्या अकराव्या भागात पोचतो, आणि बाणाला मात्र सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. मधली फट पाव सेकंदाची. आपल्या लेखी ती पापणी लवण्याएवढी, हरणाला मात्र ती पुरते. दचकलेलं हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसल्यासारखं होतं, कारण उडी मारायची तर आधी दबावं लागतं. आणि आधार सुटलेली कुठलीही वस्तू सेकंदाच्या पाचव्या भागात २० सेंटीमीटर, म्हणजे चांगली वीतभर, खाली येते. तेवढ्यानं बाण पाठीवरून निघून जातो. ते बाण चुकवत नसतं, त्यानं बाण पाहिलेलाही नसतो. ते फक्त पळायला निघालेलं असतं, आणि पळण्याची पहिली पायरीच त्याला वाचवते. बांबूच्या कामठ्याचा बाण तर याच्या निम्म्या वेगाचा, म्हणून कातकऱ्याला अगदी दहा-पंधरा पावलांवर जावं लागे, आणि तिथवर जायचं तर आधी वाऱ्याची समजूत काढावी लागे.

डोंगरातला वारा दिवसातून दोनदा कूस बदलतो. ऊन वर आलं की उतार तापतो, तापलेली हवा हलकी होऊन डोंगर चढू लागते. ऊन कललं की गार, जड हवा ओढ्याओढ्यानं खाली घरंगळते. जनावर हे पक्कं जाणून असतं. दिवसा ते उताराच्या वरच्या अंगाला बसतं, म्हणजे खालून कोण येतंय ते नाकाला कळतं आणि वरून कोण येतंय ते वाळक्या पानांवरून कानाला. कान दोन्ही वेगवेगळे फिरतात. डोळ्यांना मात्र तांबडा-केशरी रंग नीट उमजत नाही. म्हणूनच अमेरिकेत बंदुकीच्या हंगामात शिकारी भडक केशरी जाकीट घालतात, एकमेकांना लांबून दिसतात आणि हरणाला ते मळकट झुडपागत वाटतात. जरा हाललं मात्र, की संपलं! जुने शिकारी मातीची चिमूट हवेत सोडून वारा बघत, ती अंगावर आली तर पुढं सरकत, समोर उडून गेली तर गुमान परतत.

मग म्हणाल, आपल्याकडे शिकार बंद आहे, तर हे भेकर अजून का लपतं? याचं उत्तर २०१८ साली केटलिन गेनर आणि त्यांच्या सोबती संशोधकांनी दिलं. सहा खंडांतल्या ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांवरचे ७६ अभ्यास त्यांनी एकत्र मांडले, आणि दिसलं ते असं, की निम्मं दिवसा नि निम्मं रात्री वावरणारं जनावर माणसाच्या शेजारी आलं की आपली दोन तृतीयांशांहून जास्त हालचाल रात्रीवर नेतं. त्यातही मला हलवून गेलं ते पुढचं: माणूस बंदूक घेऊन आला की नुसता फिरायला आला, याचा जनावराच्या लेखी फारसा फरक पडत नाही. शनिवार-रविवारी लोहगडच्या वाटेवर गाणी लावून चढणारी पोरं आणि तीरकामठा घेऊन येणारा शिकारी, दोघांपासून भेकर सारखंच दूर होतं.

आणि त्याचे खरे हलाखीचे दिवस पाऊस-थंडीचे नव्हेत, माघ-फाल्गुनाचे. गवत कापून झालेलं, पानगळ झालेली, ओढे आटून डबक्यांवर आलेले. लपायला आडोसा नाही आणि पाण्यावर तर आलंच पाहिजे; बर्फातलं हरीण भुकेपायी उजेडीच चरायला निघतं, तसाच हाही नाइलाज. त्यात कुणी गंमत म्हणून पेटवलेला वणवा उतारभर धावला, की उरलीसुरली कारवीही जाते.

तेव्हा औंढ्याच्या बाजूला याल तर जरूर या, डोंगर कुणा एकाचा नाही. पण त्या दोन महिन्यांत ऊन कलायच्या आत पाणवठा सोडा, सोबतचं कुत्रं दोरीला ठेवा, आणि रानात काडी ओढू नका. वणवा दिसला किंवा पाऊलवाटेवर तारेचे फासे लावलेले आढळले, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.