आधी वायर, मग गाणं
घरची रोषणाई : लेखांक ३

पिक्सेल म्हणजे काय आणि ईएसपी३२ ची छोटीशी पाटी त्याला हुकूम कसा सोडते, हे मागच्या दोन लेखांकांत पाहिलं. इथवर आलं की डोक्यात गाणं घोळायला लागतं. कोणत्या ठेक्यावर कठडा लखलखेल, कोणत्या ओळीला तुळशीवृंदावन उजळेल, असं सगळं दिसू लागतं. गाण्याला अजून अवकाश आहे. आज वही, मीटर-टेप आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसायचं. घर सोमेश्वरनगरच्या आसपासचं धरू, करंजेपूल, वाघळवाडी, निंबुत, वाणेवाडी, कुठलंही. पुढे अंगण, अंगणात वृंदावन, लोखंडी फाटक, वर गच्ची आणि समोर रस्ता.

रस्त्याचं आधी बोलतो, कारण आपल्याकडे दिवाळी आणि गाळप हंगाम एकाच सुमाराला येतात. दसऱ्याच्या आगेमागे साखर कारखान्याचा बॉयलर पेटतो, ऊसतोड टोळ्या येतात आणि नीरा-बारामती रस्त्यावर रात्रंदिवस ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या, ट्रक आणि बैलगाड्या सुरू होतात. मोळ्यांनी शिगोशिग भरलेली ट्रॉली उंच असते आणि खड्ड्यात डुलते. म्हणून रस्ता ओलांडून समोरच्या घरापर्यंत दिव्यांची माळ नेण्याचा बेत पहिल्याच दिवशी वहीतून खोडून टाका. महावितरणच्या खांबालाही काही बांधायचं नाही. दुसरी गोष्ट ट्रॉली चालवणाऱ्याच्या डोळ्यांची. अंधारातून येणाऱ्या माणसापुढे पांढरा झोत फाडफाड उघडझाप करू लागला, तर त्याला पुढची बैलगाडी दिसणार नाही. रस्त्याकडच्या बाजूला रंग संथ बदलणारे ठेवा आणि लाल-निळी उघडझाप टाळा, ती रुग्णवाहिकेसारखी वाटते.

रोषणाईमुळे रस्त्यावर अडचण होते, ही भीती कल्पनेतली नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मेसन नावाच्या गावी कार्सन विल्यम्स या विद्युत अभियंत्याने २००४ साली नाताळात आपलं घर संगीतावर नाचवलं. सोळा हजार दिवे, त्यांना चालवणाऱ्या ८८ वाहिन्या आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून संगीत गाडीतल्या रेडिओवर ऐकण्याची सोय. त्याची चित्रफीत जगभर फिरली आणि माणसं गाड्या घेऊन लोटली. २००५ च्या डिसेंबरात त्या वस्तीत एक अपघात झाला, गर्दीमुळे पोलिसांना पोचणं अवघड गेलं आणि विल्यम्सने स्वतःहून दिवे बंद केले. त्याच्या कौशल्याइतकाच मला हा निर्णय मोठा वाटतो. रेडिओची युक्ती मात्र आपण उचलायची नाही. परवान्याशिवाय एफएमवर प्रक्षेपण करणं आपल्याकडे बेकायदा आहे.

दिवे आपोआप उघडझाप करायला लावण्याची हौस संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने २२ डिसेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या आपल्या घरात ८० लाल, पांढऱ्या, निळ्या दिव्यांचं झाड उभं केलं होतं. झाड विजेवर गरगर फिरे आणि फिरता फिरता दिवे आळीपाळीने लागत-विझत. पुढे आपल्याकडच्या मंडपवाल्यांनी हेच तत्त्व ड्रमवर बसवलं. मोटारीवर फिरणारा लाकडी ड्रम, त्यावर ठोकलेल्या पत्र्याच्या पट्ट्या आणि त्यांना घासत जाणारे संपर्क. पट्टी जिथे, तिथे दिवा लागला. हुगळीकाठच्या चंदननगरच्या कारागिरांनी जगद्धात्री पूजेसाठी ही कला फार उंचीवर नेली. आज मंडपवाल्यांकडे त्या ड्रमच्या जागी एसडी कार्डावर चालणारी टी-१०००एस ही पेटी असते. आपण घरी करणार आहोत ते याच घराण्यातलं काम.

आता टेप घ्या. गच्चीचा कठडा १२ मीटर. दर १० सेंटिमीटरला एक पिक्सेल, म्हणजे १२०. दाराची चौकट दोन बाजू आणि माथा मिळून ५.४ मीटर, दार हे घराचं तोंड, म्हणून तिथे ५ सेंटिमीटरवर एक, म्हणजे १०८. दोन खिडक्या, प्रत्येकीचा घेर ४.८ मीटर, दोन्ही मिळून ९६. वृंदावनाला ४० आणि आकाशकंदिलात ३६. बेरीज बरोबर ४००. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे, म्हणजे १२०० वाहिन्या. विल्यम्सच्या ८८ शी ताडून पाहा. वीस-बावीस वर्षांत ही ताकद इतकी स्वस्त झाली, की अकरावीतल्या पोराच्या आवाक्यात आली.

फाटक मी मुद्दाम सोडलं. ते लोखंडी आहे, हलतं, सारखं उघडतं-मिटतं आणि पोरं त्यावर लोंबकळतात. भिंतीही सोडल्या. घराच्या रेषा तेवढ्या उजळल्या की अंधारात घराचा आकार उठून दिसतो. सगळं भरून टाकलं की काहीच दिसत नाही. लक्ष्मीपूजन अमावस्येला असतं, हे विसरू नका. त्या रात्री उजेड जपून वापरला तरी पुरतो.

चारशे पिक्सेलना वीज किती? १२ व्होल्टवर चालणारा बुलेट पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलिअँपिअर घेतो. चारशेंचे २४ अँपिअर, म्हणजे २८८ वॅट. जुन्या झिरोच्या बल्बांनी हेच केलं असतं तर, एकेक बल्ब १५ वॅटचा धरून, सहा हजार वॅट लागले असते. तरी २८८ पूर्ण तेजाचा आकडा झाला. तीस टक्के तेजावर रोषणाई डोळ्यांना सुखद वाटते आणि खर्च शंभर वॅटच्या आसपास येतो. रोज चार तास चालली तर दहा दिवसांत चार युनिट. वीजबिलाची धास्ती घेण्याचं कारण नाही आणि आकडा टाकण्याचं तर मुळीच नाही.

खरा प्रश्न या २४ अँपिअरना घरभर फिरवण्याचा आहे. आपल्या भागातल्या माणसाला तो पटकन कळेल. नीरा डाव्या कालव्याच्या मुखाशी पाणी भरून वाहतं आणि इंदापूरकडे टेलला जाईपर्यंत त्याचं काय होतं, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. वायरमध्ये व्होल्टेज असंच झिजतं. वायर जितकी लांब आणि बारीक, तितकी झीज जास्त. हिशेब असा : घरातल्या वीजपुरवठ्याच्या पेटीपासून कठड्याचं टोक १० मीटरवर. जाणारी आणि परतणारी मिळून वायर २० मीटर. एक एमएमच्या तांब्याच्या वायरीतून ५ अँपिअर नेले तर वाटेत जवळजवळ २ व्होल्ट जातात. अडीच एमएमची घातली तर ०.८. आता निवड स्पष्ट होते. ५ व्होल्टचे पिक्सेल असते तर २ व्होल्ट गेल्यावर टोकाला ३ उरले असते. १२ व्होल्टवाल्यांना १० मिळतात आणि ते चालून जातं. म्हणून अंगण-गच्चीच्या घराला १२ व्होल्टच घ्या. ५ व्होल्टचे वीज निम्म्याहून कमी खातात हे खरं, पण ते मखरात किंवा कंदिलात शोभतात.

ही झीज डोळ्यांनी पाहायची असेल तर ५ व्होल्टची एक लांब पट्टी जमिनीवर पसरा, फक्त एका टोकाला वीज द्या आणि पूर्ण पांढरा रंग लावा. सुरुवातीचे दिवे दुधासारखे दिसतील. मधल्या भागात पांढऱ्यावर पिवळट छटा येईल. शेवटाला रंग तांबूस होत जाईल. तिथे मल्टिमीटर लावला तर साडेतीन-पावणेचार व्होल्ट दिसतील. लाल दिव्याला पेटायला साधारण २ व्होल्ट पुरतात, हिरव्या-निळ्याला ३ च्या आसपास लागतात. व्होल्टेज घसरलं की आधी हिरवा-निळा मान टाकतात आणि लाल उरतो. आता पेटीतून अडीच एमएमच्या वायरीची वेगळी जोडी त्या शेवटच्या टोकाला आणून जोडा. तांबूसपणा क्षणात जातो. दोन्ही टोकांना, आणि लांब माळेत मध्येही, वीज देण्याचं हे काम आराखड्यातच दाखवायचं. घराच्या चित्रावर डेटाची रेघ निळ्या पेनने काढा आणि विजेची लालने. लाल रेघा निळीपेक्षा जास्त दिसल्या पाहिजेत.

आपल्या घरासाठी १२ व्होल्ट २० अँपिअरच्या दोन एसएमपीएस पेट्या. एक गच्चीच्या जिन्यात, दुसरी ओसरीत. तीस अँपिअरच्या एकाच पेटीतही काम भागलं असतं. पण दोन पेट्या वापराच्या ठिकाणांजवळ बसतात आणि अर्ध्या भारावर थंड राहतात. दोघींचे मायनस एकमेकांना आणि कंट्रोलरला, म्हणजे ईएसपी३२ च्या पाटीला, जोडलेले हवेत, नाहीतर डेटा वेडावाकडा वाचला जातो आणि दिवे मनाला येईल तसे चमकतात. प्लस मात्र एकमेकांना जोडायचे नाहीत. जिथे एका पेटीचा भाग संपतो तिथे प्लसची तार कापायची. दर शंभर पिक्सेलच्या फांदीला ७.५ अँपिअरचा फ्यूज. डब्ल्यूएलईडी या मोफत प्रणालीत कमाल करंटचा आकडा भरून ठेवता येतो, तोही भरा. पण माळेत पाणी शिरून शॉर्ट झालं तर वाचवेल तो फ्यूज.

पाणी शिरतंच. परतीचा पाऊस दिवाळीच्या तोंडावर हमखास गाठतो. पिक्सेल आयपी६७ चे असले तरी जाळीदार एसएमपीएस उघडीच असते, ती छताखालीच हवी आणि हवा खेळणाऱ्या डब्यात हवी. जोड असेल तिथे सोल्डरचा डाग द्या, त्यावर हीट श्रिंक नळी चढवा आणि जोड खाली लोंबता ठेवा, म्हणजे थेंब तिथून निथळतो. नुसती पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळलेला जोड एका पावसात हिरवा पडतो. २३० व्होल्टची बाजू वायरमनकडून करून घ्या : वेगळी एमसीबी, पेटीच्या अंगाला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. अंगणात ओल्या पायांनी रांगोळी काढणाऱ्या घरच्या माणसांसाठी ती आहे. यात काटकसर करू नका.

वीज जाणं-येणं आहेच. कंट्रोलर पुन्हा सुरू झाला की कोणत्या रंगसंगतीने उठायचं, हे डब्ल्यूएलईडीत आधीच ठरवता येतं. मंद केशरी ठेवा. रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांनी ती छोट्या बॅकअपवर ठेवावी, कारण वीज अचानक गेली की तिचं एसडी कार्ड बिघडू शकतं.

डेटाची बाजू त्यामानाने सोपी. प्रत्येक पिक्सेल आपल्या वाट्याचे २४ बिट ठेवून घेतो आणि उरलेले पुढे पाठवतो. त्याला एका पिक्सेलमागे ३० मायक्रोसेकंद लागतात. चारशेंना १२ मिलिसेकंद. संगीताच्या रोषणाईत सेकंदाला २० ते ४० चित्रं पुरतात, तेव्हा वेळच वेळ आहे. पिक्सेलवर बाणाची खूण असते, ती डेटाची दिशा. माळ उलटी लावली तर एकही पेटणार नाही. मध्येच पुढची सगळी विझली, तर जो शेवटचा पेटतोय तो किंवा त्याच्या पुढचा, या दोघांतला एक खराब. कंट्रोलर आणि पहिला पिक्सेल यांच्यात दोन-तीन मीटरपेक्षा जास्त अंतर नको. ईएसपी३२ चा हुकूम ३.३ व्होल्टचा असतो आणि पिक्सेलला ५ च्या आसपासचा लागतो, म्हणून मध्ये ७४एचसीटी१२५ सारखी लेव्हल शिफ्टरची चिप टाका.

गाण्यासाठी एक्सलाइट्स ही प्रणाली, तीही मोफत. घराचा समोरून काढलेला फोटो तीत टाकून त्यावर आज मोजलेल्या रेषा आखायच्या आणि कोणत्या क्षणी कोण पेटेल ते ठरवायचं. हलगी आणि संबळ यांचे ठेके दिव्यांवर फार छान उतरतात, कारण त्यांची प्रत्येक थाप सुटी ऐकू येते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून आहे. दहानंतर दिवे मूकपणे चालू द्या.

खरेदी पुण्यात तपकीर गल्लीत करा किंवा ऑनलाइन, पण सगळे पिक्सेल एकाच लॉटचे घ्या आणि दहा टक्के जास्त घ्या. वेगळ्या लॉटमध्ये लाल-हिरव्याचा क्रम उलटा निघू शकतो. ही खरेदी दिवाळीच्या आठवड्यात करायची नाही. करंज्याच्या सोमेश्वराला श्रावणातल्या सोमवारी गर्दी लोटते, तेव्हाच सामान घरात हवं. गणपतीच्या मखराला पन्नास पिक्सेल लावून तालीम करा. पितृपक्षात खरेदी न करणाऱ्या घरांना तो पंधरवडा सोल्डरिंगला मोकळा मिळतो. नवरात्रात कठडा आणि चौकट चढवा, म्हणजे परतीच्या पावसात जोडांची परीक्षा होऊन जाईल. वसुबारसेला सुरू केलेली रोषणाई तुळशीच्या लग्नावरून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत नेता येते.

या आठवड्यात रात्री घरासमोर रस्त्याच्या पलीकडे उभे राहून एक फोटो काढा आणि दिवसा एक. मग टेप लावून प्रत्येक रेषेची लांबी, पिक्सेलची संख्या आणि जवळच्या सॉकेटपासूनचं अंतर वहीत लिहा. पुढच्या लेखांकात हीच वही समोर ठेवून पहिली शंभरची फांदी जोडू, फ्यूजपासून शेवटच्या पिक्सेलपर्यंत.