जुन्या चामडी बॅगेची निगा

किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपातून वाचलेली चामडी बॅग घरात असेल, तर पावसाळा सरताच ती उघडून पाहावी. कातडे मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचे असते. दमट हवेत त्यावर बुरशी धरते. तिचे बीजाणू दमेकऱ्यांना त्रासदायक ठरतात.

आतले सातबारे, फोटो आधी बाहेर काढावेत. मास्क लावून, अंगणात मऊ ब्रशने बुरशी झाडावी. ओलसर कापडाने पुसून बॅग सावलीत वाळवावी. कडक उन्हात कातडे आखडते, तडकते. पूर्ण वाळल्यावर लेदर कंडिशनरचा पातळ हात द्यावा. आधी कोपऱ्यात लावून पाहावे. खोबरेल तेल नको, डाग पडतात. शेवटी प्लॅस्टिकऐवजी सुती कापडात गुंडाळून बॅग हवेशीर जागी ठेवावी. कागद मात्र कोरडे झाल्यावरच परत आत ठेवावेत.