पंप सोडू नका, चूळ चुकवू नका

धर्मापुरीच्या वस्तीत एका आजींनी मला तोंड उघडून दाखवलं. जिभेवर, टाळूवर पांढरे चट्टे. "सिस्टर, ह्या पंपानं तोंड आलं. म्हणून बंदच केला," त्या म्हणाल्या. एवढं बोलतानाही त्यांना धाप लागत होती.

तोंड आलं होतं हे खरं. पण पंप बंद करणं हा त्यावर इलाज नाही. दमा उसळला तर जिवावर बेततं.

सालब्युटामॉलचा पंप आवळलेल्या श्वासनळ्या लगेच मोकळ्या करतो. ब्युडेसोनाइडसारख्या स्टिरॉइडचा पंप आतली सूज कमी करतो. डॉक्टरांनी तो रोज सांगितला असेल, तर बरं वाटलं तरी रोजच घ्यायचा. मात्र ओढलेलं बरंच औषध तोंडात आणि घशात राहतं. स्टिरॉइड तिथे राहिलं की बुरशी वाढते. तेच हे पांढरे चट्टे. दम्याच्या काही औषधांनी तोंड कोरडंही पडतं. लाळ दातांची राखण करते. ती कमी झाली की दात लवकर किडतात.

मग करायचं काय? पंप ब्रशशेजारी ठेवा. आधी पंप, मग गुळण्या, मग ब्रश. गुळणीचं पाणी गिळू नका, थुंका. दाबायच्या पंपाला स्पेसर लावला तर औषध तोंडात कमी साचतं. ऊसतोडीला जाताना पिशवीत पंप आणि ब्रश दोन्ही घ्या. कोपीवर पाणी कमी असलं तरी चुळीपुरतं राखून ठेवा. लेकराला रात्री गोड औषध पाजलं, तर दात घासूनच झोपवा.

आयाबायांनो, दात घासायला मशेरी नको. ती तंबाखूच आहे. चट्टे आठवड्यात गेले नाहीत, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. मशेरी, तंबाखू खाणाऱ्यांनी तर मुळीच अंगावर काढू नये.

दात काढायला जाताना पंप सोबत न्या आणि दमा आहे हे आधीच सांगा. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी काही दमेकऱ्यांना धाप लागते. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा; त्या मनानं बंद करू नका.

आजींना डॉक्टरांनी बुरशीचं औषध दिलं, पंप पुन्हा सुरू केला. आता त्यांच्या पंपाजवळ पाण्याचा तांब्या असतो.